दृष्टिपटल शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या पुढच्या भागातील गुंतागुंत

दृष्टिपटल म्हणजे बोलीतला ‘डोळ्याचा पडदा’. तो सरकला किंवा मधुमेहामुळे डोळ्यात रक्त उतरले की शस्त्रक्रिया होते मागच्या भागावर. त्रास मात्र पुष्कळदा पुढे उपटतो, म्हणजे पारपटल (बुबुळावरची पारदर्शक काच), परितारिका (बुबुळाचा रंगीत भाग) आणि भिंग यांच्या जागेत.

सर्वांत नेहमीचा मोतीबिंदू. विट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत डोळ्यातला काचद्रव (आतला जेलीसारखा पदार्थ) काढला की पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांचे भिंग दोनेक वर्षांत गढुळते. गावात याला ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणतात; तसे ते नसते.

डोळ्यातला दाब वाढणे अधिक घातक. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात वायू भरतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे २ आठवडे टिकतो, परफ्लुरोप्रोपेन सुमारे २ महिने. तोवर उंचावर जायचे नसते. विमानात बसू नका, असे सगळ्यांनाच बजावतात. मेळघाटच्या रुग्णाला खरे तर परतवाड्याहून निघणाऱ्या एसटीबद्दल विचारायला हवे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब घटतो, डोळ्यातला वायू फुगतो, डोळा ठणकू लागतो, मळमळते, दिसेनासे होते. अशा वेळी वर न जाता खाली उतरून दवाखाना गाठावा लागतो.

वायूऐवजी सिलिकॉन तेल भरले असेल, तर ते साधारण ३ ते ६ महिन्यांत काढतात. पेरणी, डवरणी, मग कापसाची वेचणी असे करत ती तारीख टळत जाते आणि तेलाचे बारीक थेंब फुटून पुढे येतात. पू झाला तर तो खाली बसतो. तेल पाण्याहून हलके, म्हणून बुबुळामागून पुढे आलेल्या तेलाची पांढरी रेघ वरच्या कडेला दिसते. ते पारपटलाला लागत राहिले, तर तिथे कॅल्शियमचा पांढुरका पट्टा धरतो. भिंग नसलेल्या डोळ्यात तेल पुढे येऊ नये म्हणून परितारिकेला खालच्या बाजूस छिद्र ठेवतात, आणि खाटेवर उताणे झोपायला मनाई असते.

मधुमेह्यांत पारपटलाची वरची साल निघाली तर लवकर भरत नाही. परितारिकेवर नव्या रक्तवाहिन्या उगवल्या की हट्टी काचबिंदू होतो.

स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीप्रमाणे हळूहळू कमी करायचे असतात. मेडिकलमधून तीच बाटली महिनोन्महिने आणली, तर काहींचा दाब चढतो, आणि पुष्कळदा डोळा दुखतही नाही.