श्टाउबबाख आणि ट्रुमेलबाख: पाणी कुठून येतं ते आधी बघा

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन गावाच्या फोटोत चर्चच्या मागे कड्यावरून सुटलेली पांढरी धार असते. तिच्याखाली ‘ट्रुमेलबाख’ लिहिलेलं इतक्यांदा वाचलंय की आता नीट सांगतोच. ती धार श्टाउबबाख धबधब्याची. ट्रुमेलबाख हा दुसरा धबधबा तिथून तीनेक किलोमीटर दरीत आत, समोरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आहे.

श्टाउबबाख आपल्या माणसाला समजावायला नको. तो ठोसेघरच्याच जातकुळीतला: उघडा कडा, 297 मीटरांची उडी, वरच्या पठारावरचं पावसाचं आणि हिवाळी बर्फाचं पाणी. वाऱ्यावर त्याचे तुषार होतात, म्हणून नावही ‘धुळीचा ओढा’. बघायला तिकीट नाही.

घोळ होतो तो पुढे. धबधबा म्हणजे पाऊस, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यामुळे कडक ऊन पडलं की लोक म्हणतात, आज काय पाणी असणार! श्टाउबबाखला हा हिशोब लागू पडतो. कोरड्या दिवसांत तो अगदी बारीक होतो. ट्रुमेलबाखचं उलटं आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी हा एकटा ओढा खाली आणतो. हिमनदी वितळते उन्हानं. म्हणजे ऊन जितकं कडक, तितका हा जोरात. भरात असताना सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत पाणी खडकातल्या चिंचोळ्या घळीतून घुसतं, दहा टप्प्यांत कोसळतं, आणि पायाखालचा कातळ थरथरतो. हिमनदीनं खरवडलेला दगडाचा भुगा सोबत असतो, म्हणून पाणी नितळ नसतं, राखाडी असतं. ते ‘गढूळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. तो भुगा हीच तर हिमनदीची खूण! थंडीत वर सगळं गोठतं, पाणी आटतं, आणि ही जागा बंदच असते.

दोन्ही ओढे शेवटी पांढऱ्या ल्युचिने नदीलाच मिळतात. (काळी ल्युचिने ग्रिंडेलवाल्डकडून येते, त्स्वायल्युचिनेनला दोघींचा संगम होतो आणि आगगाडीचे फाटेही तिथेच फुटतात.)

माझं मत विचाराल तर रखरखीत ऊन असेल तेव्हा दुपारी ट्रुमेलबाखला जा. आत लिफ्ट आहे, पण पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा चपला नकोत आणि जाकीट हवंच. श्टाउबबाख मे महिन्यात किंवा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी बघा.