रॉकेट आधी दिसतं, मग ऐकू येतं

९ नोव्हेंबर १९६७. सकाळी ७ वाजता फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून सॅटर्न-५ रॉकेट पहिल्यांदा झेपावलं. अपोलो-४ या मोहिमेत आत माणूस नव्हता. सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉन्काइट थेट वर्णन करत होते.

पत्रकारांची जागा तळापासून सुमारे साडेपाच किलोमीटरवर होती. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. एवढं अंतर कापायला त्याला १६ सेकंद लागतात. इंजिनं पेटल्यावर रॉकेट जवळपास ९ सेकंद तळावरच धरून ठेवलेलं असतं. म्हणजे ते डोळ्यांदेखत वर निघालं, तरी त्याची गर्जना अजून वाटेतच होती! ती पोचली आणि क्रॉन्काइट यांची खोली थरथरू लागली. छताचे तुकडे पडले. समोरची मोठी काच हातांनी दाबून धरावी लागली, तरी त्यांचं बोलणं सुरूच राहिलं.

इतक्या दूरवर एवढा जोर कसा? पाच इंजिनं मिळून सुमारे ३.४ कोटी न्यूटन रेटा देत होती. त्यांचे तप्त झोत शांत हवेत घुसले की प्रचंड खळबळ होते आणि तिच्यातून सगळ्या पट्ट्यांतला आवाज निघतो. तीव्र स्वर हवा वाटेतच शोषून घेते. खर्ज मात्र लांबवर टिकतो. त्यातला काही भाग इतका खालचा असतो, की कानांपेक्षा छातीलाच जास्त जाणवतो. काचा, पत्रे, हलक्या भिंती नेमक्या त्यालाच साथ देत थरथरतात.

छायाचित्रकारांची अडचण वेगळी होती. चित्र जवळून हवं, पण जवळ थांबणं म्हणजे मरण. मग कॅमेरा एकटाच तिथे ठेवायचा. ‘लाइफ’ मासिकाचे राल्फ मोर्स मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ कार्यक्रमाच्या सात अंतराळवीरांमध्ये इतके मिसळले होते, की जॉन ग्लेन त्यांना आठवा अंतराळवीर म्हणत. जुलै १९६९मध्ये अपोलो-११च्या उड्डाणाची अगदी जवळून दिसणारी चित्रं त्यांनी दूरनियंत्रित कॅमेऱ्याने टिपली. मला हे काम पत्रकारितेइतकंच अभियांत्रिकीचंही वाटतं.

आज अनेक छायाचित्रकार कॅमेऱ्याला ध्वनिसंवेदक जोडतात. तळापासून ३०० मीटरवर आवाज सेकंदाच्या आत पोचतो आणि त्याच्याच दणक्याने शटर चालू होतं. वायर नको, रेडिओ संदेश नको. तिवई मात्र जमिनीला घट्ट जखडावी लागते, कारण तोच आवाज तिलाही हलवतो.