प्रिंटरची शाई: बाटलीचा भाव आणि पानाचा भाव

एचपीचं ६८० क्रमांकाचं काळं कार्ट्रिज कंपनीच्या मोजणीप्रमाणे ४८० पानं छापतं. एप्सनच्या टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या, प्रिंटरची ००३ क्रमांकाच्या काळ्या शाईची ६५ मिलीलिटरची बाटली ४५०० पानं छापते. समजा कार्ट्रिज ९०० रुपयांना पडलं आणि बाटली ४०० रुपयांना, तर पहिल्याचं पान पावणेदोन रुपयांच्या वर जातं आणि दुसऱ्याचं नऊ पैशांत होतं. भाव गावागावांत बदलतील, पण दोन्हींतलं मोठं अंतर राहतंच. म्हणून खोक्यावरची किंमत वाचण्याआधी पानांचा आकडा वाचावा आणि भागाकार करावा. हा आकडा ठरावीक नमुना-पानांवर मोजलेला असतो आणि त्यांत प्रत्येक रंगाची शाई पानाच्या साधारण ५ टक्के भागावर पडते. मुलांच्या प्रोजेक्टची रंगीत चित्रं छापलीत तर तो आकडा विसरायचा.

४५०० पानांना ६५ मिलीलिटर म्हणजे पानामागे जेमतेम ०.०१४ मिलीलिटर. ड्रॉपरमधून डोळ्यात पडणाऱ्या थेंबाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. इतकी थोडी शाई पानभर पसरायची तर थेंब फार बारीक हवेत. घरगुती प्रिंटरचा एक थेंब काही पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे मिलीलिटरचा अब्जावा भाग) असतो. पाच पिकोलिटरचा धरला तर एका मिलीलिटरमध्ये वीस कोटी थेंब बसतात. स्वस्त शाई कुठली चालेल आणि कुठली प्रिंटर बंद पाडेल, हे हा थेंब बाहेर कसा फेकला जातो त्यावर ठरतं.

एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये शाई अक्षरशः उकळवतात. शाई फेकणाऱ्या भागाला हेड म्हणतात आणि त्यातल्या बारीक छिद्रांना नोझल. प्रत्येक नोझलमागे सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, शाईतलं पाणी फुटून वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला ढकलतो. एप्सनमध्ये उष्णता नाही. तिथे पायझो स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाईला दाबतो. साहजिकच उकळणाऱ्या हेडला अशी शाई लागते, जी इतक्या तापमानालाही बुडाशी धरत नाही. वाईट शाईचा थर हीटरवर करपतो, दुधाचं पातेलं करपावं तसा, आणि मग बुडबुडा नीट फुगत नाही. या दोषाला तंत्रज्ञ ‘कोगेशन’ म्हणतात. हा शब्द आला आहे जपानीतल्या करपण्याच्या शब्दावरून. तेव्हा ‘सगळ्या प्रिंटरला चालते’ असं लिहिलेली बाटली घेऊ नये. आपल्या प्रिंटरचा मॉडेल क्रमांक छापलेली कम्पॅटिबल शाई, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण त्याच प्रिंटरसाठी बनवलेली, थोडी महाग पडली तरी घ्यावी.

दुसरा भेद डाय आणि पिगमेंटचा. डाय पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळतो. पिगमेंट म्हणजे पाण्यातली हळद: अतिशय बारीक कण, जे रसायनांच्या आधारानं तरंगत राहतात. एचपी आणि कॅननच्या बहुतेक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. एप्सनच्या ००३ आणि ६६४ या बाटल्यांत चारही शाया डायच्या. इथेच लोक फसतात. पिगमेंटची काळी शाई डायवाल्या टँकमध्ये ओतली की दोन्हींतली रसायनं एकमेकांशी जुळत नाहीत, कण गोळा होतात आणि नळीत गाळ बसतो. मग हेड क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरला शाई सोडून नोझल धुवायला लावणं, कितीही वेळा करा, उपयोग नसतो. शंका असेल तर नव्या आणि जुन्या शाईचे चार-चार थेंब एका झाकणात मिसळून रात्रभर झाकून ठेवावेत. सकाळी गुठळ्या किंवा जेलीसारखा थर दिसला तर बाटली परत करावी. छापील कागदावरूनही ओळख पटते. पान काही तास वाळू द्यावं आणि अक्षरावर पाण्याचा थेंब टाकावा. डायचं अक्षर पसरतं, पिगमेंटचं बहुधा जागच्या जागी राहतं. घरच्या प्रिंटरवर महत्त्वाचे कागद छापणाऱ्यांनी ही चाचणी एकदा तरी करून बघावी.

टँकवाला प्रिंटर नसेल आणि कार्ट्रिजच रिफिल करायचं असेल, तर आधी त्याच्या पोटात काय आहे ते समजून घ्यायला हवं. एचपी ६८० किंवा ८०३ सारख्या कार्ट्रिजमध्ये शाई मोकळी नसते, स्पंजात मुरलेली असते. स्पंज तिला केशाकर्षणानं धरून ठेवतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. तेवढ्या ओढीमुळेच शाई नोझलमधून आपोआप गळत नाही. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी म्हणून वरच्या लेबलखाली नागमोडी बारीक खाच असते. रिफिलनंतर शाई भरायच्या भोकांवर सेलोटेप घट्ट चिकटवली की ही वाट बंद होते आणि पानाच्या वरच्या ओळी गडद, खालच्या फिक्या येतात. लोक शाईला दोष देतात, खरं तर कार्ट्रिजचा श्वास कोंडलेला असतो. टेप लावायचीच तर सैल लावावी आणि तिला सुईनं टोचावं. मूळ लेबल फाटू न देता परत बसवलं तर आणखी चांगलं.

भरताना पाच मिलीलिटरची सिरिंज आणि लांब सुई घ्यावी, प्रत्येक रंगाला वेगळी. कार्ट्रिज पूर्ण कोरडं पडायच्या आत भरावं. उकळणाऱ्या हेडला थंड ठेवते ती शाईच, त्यामुळे रिकाम्या कार्ट्रिजवर छापत राहिलं की हीटर जळतात आणि जळलेलं हेड दुरुस्त होत नाही. रंगीत कार्ट्रिजमध्ये कुठल्या भोकात कुठला रंग, हे इंटरनेटवरच्या चित्रावरून ठरवू नये. टूथपिक आत घालून बघावी, टोकाला लागेल तो रंग. सुई स्पंजात खोल न्यावी, पण तळाच्या जाळीला टेकवू नये. काळ्यात चार ते पाच मिलीलिटर, रंगीतमध्ये प्रत्येक कप्प्यात दोनच. एक मिलीलिटरला पंधरा-वीस सेकंद लागावेत इतक्या हळू. घाई केली की स्पंजात हवेचे खिसे राहतात, आणि रंगीत कार्ट्रिजमध्ये शाई शेजारच्या कप्प्यात उतरते. भोकाशी शाई चमकली की थांबावं आणि थोडी परत ओढून घ्यावी.

मग टिश्यू पेपरवर हेड हलकेच टेकवावं. काळ्याचा एक सरळ पट्टा उमटायला हवा, रंगीतचे तीन वेगळे. पिवळा हिरवट दिसला तर निळी शाई त्यात गेलेली असते, पट्टा शुद्ध होईपर्यंत नव्या टिश्यूवर टेकवत राहावं. पण कार्ट्रिज टिश्यूवर विसरून जाऊ नये, कागद केशाकर्षणानं अर्धी शाई पिऊन टाकतो. पट्टाच उमटला नाही तर कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या टिश्यूवर हेड दोन-तीन मिनिटं ठेवावं. तांब्याच्या संपर्कपट्ट्या कोरड्या ठेवाव्यात. छापताना स्क्रीनवर ‘शाई संपली’ असा इशारा येईल. या कार्ट्रिजमध्ये प्रिंटर शाई मोजत नाही, फेकलेले थेंब मोजतो, त्यामुळे भरलेली शाई त्याला कळत नाही. इशारा बंद करून छापता येतं. असं कार्ट्रिज पाच-सहा वेळा भरून झालं की हेडच थकतं, तेव्हा त्याचा मोह सोडावा.

आता शाई खरी कुठे जाते ते. पुष्कळ घरांत ती कागदावर कमी आणि प्रिंटरच्या पोटातल्या वेस्ट पॅडमध्ये जास्त जाते. पॅड म्हणजे शोषून घेणारा जाड नमदा, आणि प्रत्येक हेड क्लीनिंगची शाई त्यात मुरते. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचनं बंद करण्याची सवय इथे महागात पडते. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणानं बंद केलं तर हेड रबरी टोपीवर जाऊन बसतं. छपाई चालू असताना वीज गेली तर ते उघडंच राहतं. विदर्भातल्या मे महिन्यात अशी एक दुपार नोझलला पुरेशी आहे. वीज परत आली की आधी प्रिंटर चालू करून बटणानं बंद करावा. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं छोटं पान छापावं, त्याला लागणारी शाई एका क्लीनिंगपेक्षा खूप कमी असते. छापलेल्या रेघा तुटल्या तर नोझल चेक (प्रिंटरचं चाचणी-पान) आणि क्लीनिंगची जोडी फार तर तीन वेळा करावी, मग प्रिंटर बारा तास तसाच सोडावा. तेवढ्यात नळीतले बुडबुडे बहुतेक वेळा आपोआप बसतात. टँकमधली पातळी खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नये, नळीत हवा शिरली तर ती काढायलाच बरीच शाई खर्ची पडते.

छपाईच्या सेटिंगमध्ये ड्राफ्ट, म्हणजे कमी शाईची फिकट छपाई, निवडावं आणि ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय असेल तर तोही. नुसतं ग्रेस्केल ठेवलं तर काही मॉडेल तिन्ही रंग मिसळून करडा तयार करतात. कोकणात पावसाळ्यात उघडं राहिलेलं रीम दमट होतं, त्यावर डायची शाई धाग्यांत पसरते आणि चांगल्या शाईलाही लोक नावं ठेवतात. रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावं.

महिन्याला पाच-दहाच पानं छापायची असतील आणि तीही काळी, तर इंकजेटची शाई शोधण्यात अर्थ नाही. जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा. टोनर ही कोरडी पूड असते आणि दिवाळीला छापलेल्या पानानंतर थेट होळीला बटण दाबलं तरी ती पहिल्याच पानाला नीट उमटते.