चिनी शिकायला चीनला जाताना: विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे चिनीचे प्राथमिक वर्ग पूर्ण करून सेमिस्टरभर किंवा वर्षभरासाठी चीनमधल्या विद्यापीठात भाषा शिकायला जाणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. प्रवेशाचे पत्र हातात पडले की बहुतेक घरांत सुटकेचा श्वास सोडला जातो आणि सगळे लक्ष बॅगांकडे वळते. आमचे सांगणे असे की खरी तयारी त्यानंतर सुरू होते. तिथला पहिला महिना कागद, फोन आणि पैसे यांच्या मागे धावण्यात गेला तर वर्ग मागे पडतो, आणि भाषेच्या वर्गात पहिला महिना मागे पडला की तो भरून काढणे फार जड जाते. म्हणून जी कामे इथे बसून होण्यासारखी आहेत, ती इथेच उरका.

व्हिसा आणि पहिले ३० दिवस

शिक्षण १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर एक्स १ व्हिसा, कमी असेल तर एक्स २. एका सेमिस्टरला जाणाऱ्यांनी आपल्याला नेमका कोणता लागतो, हे प्रवेशपत्रावरच्या तारखा पाहूनच ठरवावे. एक्स १ साठी विद्यापीठाचे मूळ प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू २०२ हा फॉर्म लागतो. चीन सरकारची शिष्यवृत्ती असेल तर त्याऐवजी जेडब्ल्यू २०१.

व्हिसा हातात आल्यावर पालकांचा हमखास फोन येतो. एक्स १ वर मुक्कामाच्या दिवसांच्या रकान्यात ००० छापलेले असते. ती चूक नाही. या व्हिसावर फक्त एकदा चीनमध्ये शिरता येते आणि शिरल्यापासून ३० दिवसांच्या आत पोलिसांच्या परकीय नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना मिळाला की तो चालू असेपर्यंत घरी येऊन परत जायला नवा व्हिसा लागत नाही.

या ३० दिवसांत कामांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण परवान्याच्या अर्जाबरोबर पासपोर्टही कार्यालयात जमा होतो. त्याची पोच मिळते, पण बँक आणि सिमकार्डाचे दुकान मूळ पासपोर्टच मागतात. म्हणून विमानतळावरून वसतिगृहात, तिथे पोलीस नोंदणी, मग सिमकार्ड, मग बँक, मग वैद्यकीय कागदांची पडताळणी आणि शेवटी परवान्याचा अर्ज, असे जावे. काही बँका परवान्याशिवाय विद्यार्थ्याचे खाते उघडत नाहीत. तसे झाले तर एका शाखेवर अडून राहू नका. विद्यापीठाच्या आवारातली किंवा शेजारची शाखा विचारा, तिथल्या लोकांना परदेशी विद्यार्थ्यांची सवय असते.

पोलीस नोंदणी म्हणजे तुम्ही कुठे राहता याची नोंद. हॉटेलात उतरलात तर हॉटेल ती करते. वसतिगृहात बहुधा कार्यालय करून देते, तरी विचारून घ्या. मित्राच्या घरी किंवा भाड्याच्या खोलीत राहिलात तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात तुम्हाला स्वतः जावे लागते. न केल्यास कायद्याने २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. सुट्टीत घरी येऊन परत गेल्यावर हीच नोंदणी पुन्हा करायची असते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मकडे नीट पाहा. त्यावर फोटो चिकटवून रुग्णालयाचा शिक्का फोटोवर अर्धवट येईल असा मारलेला हवा, डॉक्टरांची सही हवी, आणि रक्ताचे अहवाल व छातीचा एक्सरे मूळ स्वरूपात सोबत हवेत. एखादी गोष्ट कमी पडली तर तिथे सगळी तपासणी नव्याने, स्वतःच्या खर्चाने करावी लागते. तपासणी ६ महिन्यांपेक्षा जुनी नसावी. हे सगळे कागद, प्रवेशपत्र आणि जेडब्ल्यू फॉर्म हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकू नका.

नावाबद्दल एक सूचना. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, आणि प्रत्येक अर्जात तो थोडा वेगळा भरायची सवय असते. चीनमध्ये आडनाव आधी येते, आणि बँक, सिमकार्ड, रेल्वेचे तिकीट ही सगळी एकमेकांशी पडताळली जातात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सर्वांत खाली ज्या दोन ओळी यंत्रासाठी छापलेल्या असतात, त्यातला क्रम आणि स्पेलिंग सगळीकडे तेच ठेवा. शिक्षक तुम्हाला छानसे चिनी नाव देतील. ते वर्गात जरूर वापरा, सरकारी कागदावर नको.

फोन, पैसे आणि घरच्यांशी बोलणे

चीनमध्ये व्हॉट्सॲप, गूगल, जीमेल, यूट्यूब, इन्स्टाग्राम उघडत नाहीत. तिथले सगळे व्यवहार वीचॅट या चिनी ॲपवर चालतात: वर्गाचे वेळापत्रक, वसतिगृहाच्या सूचना, भाजीवाल्याचे पैसे. आणि वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. म्हणजे मुलगा तिकडे गेला की त्याच्या ॲपवर घरचे नाहीत आणि घरच्यांच्या ॲपवर तो नाही. याची सोय आधीच करायला हवी.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे भारतीय सिम चालू ठेवून त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेणे. रोमिंगचे इंटरनेट भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येते, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप चालते. पॅक महाग पडतो, म्हणून रोज तासभर व्हिडिओ कॉल जमणार नाही. वेळ ठरवून बोला. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. सकाळी आठचा तास असणाऱ्याला त्या वेळी फोन करू नये, ही पालकांना आमची मनापासून विनंती आहे. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइमही चालतो. व्हीपीएनबद्दल, म्हणजे अशा बंद सेवा उघडून देणाऱ्या ॲपबद्दल, आम्हाला नेहमी विचारले जाते. परवानगी नसलेले व्हीपीएन वापरणे चीनच्या नियमांविरुद्ध आहे, त्यामुळे आम्ही त्याचा सल्ला देत नाही.

भारतीय सिम चालू ठेवण्याचे दुसरे कारण म्हणजे बँकेचे ओटीपी. सिम बंद पडले तर इथल्या खात्यातले पैसे तिथून हलवता येत नाहीत. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करून घ्या. तो मुळात बंद असतो. यूपीआयवर आणि रुपे कार्डावर विसंबू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर ते अलीपे किंवा वीचॅट पे या पैसे देण्याच्या चिनी ॲपला जोडता येते. अशा कार्डाने २०० युआनपर्यंतच्या एका व्यवहाराला वेगळे शुल्क नाही, त्यापेक्षा मोठ्या व्यवहाराला ३ टक्के लागते. चिनी बँकेचे खाते झाले की ते जोडा, हा प्रश्न मिटतो. तोवर पहिल्या काही दिवसांसाठी युआनच्या नोटा इथूनच न्या. रुपये तिथे कोणी घेत नाही.

चिनी शब्दकोशाचे प्लेको हे ॲप इंटरनेटशिवाय चालते. ते इथूनच फोनवर घेऊन जा, कारण तिथे गूगलचे ॲप स्टोअर उघडत नाही. प्रवेशाचा पत्रव्यवहार जीमेलवर असेल तर दुसऱ्या सेवेवर एक ईमेल काढून विद्यापीठाला कळवा.

शहर निवडताना

बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी १९६२ पासून परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवते आहे, आणि अनेकजण डोळे झाकून तिचे नाव घेतात. निवड चांगलीच आहे. मात्र तिच्या भोवतालच्या भागात परदेशी इतके आहेत की इंग्रजीवर दिवस निघून जातो. ज्याला स्वतःला ढकलता येते त्याने तिथे जावे. ज्याला ते जमत नाही त्याला लहान शहर अधिक शिकवते. शांघाय आणि ग्वांगचौमध्ये घरोघरी स्थानिक बोली ऐकू येतात, छंदूत सिच्वानी. दुकानात, बसमध्ये लोक तुमच्याशी प्रमाण भाषेतच बोलतील, पण आपसातले बोलणे सुरुवातीला कळणार नाही. त्याने खचू नका.

थंडीचा हिशेबही धरा. उत्तरेत मध्यवर्ती हीटिंग असते. बीजिंगमध्ये ते १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते. दक्षिणेत तसे नाही, त्यामुळे जानेवारीत शांघायच्या खोलीत बीजिंगपेक्षा जास्त कुडकुडायला होते. स्वेटर तिथेच घ्या, स्वस्त आणि चांगले मिळतात.

उच्चार: मराठी माणसाची जमेची बाजू

इथे आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण मराठी घरातल्या विद्यार्थ्याला एक मोठा फायदा असतो आणि तो त्याला कुणी सांगत नाही. पिनयिन, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले चिनी उच्चार, पाहून आपण त्यातली अक्षरे इंग्रजीसारखी वाचतो, आणि तिथेच फसतो. चिनीत ‘ब’ आणि ‘प’ असा भेद नाही. भेद आहे तो श्वास न सोडता म्हटलेल्या आणि श्वास सोडून म्हटलेल्या व्यंजनांत. म्हणजे आपल्या ‘क’ आणि ‘ख’मधला, ‘त’ आणि ‘थ’मधला भेद. पिनयिनमधला बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. झेड हा तर थेट ‘चाक’मधला च आहे, आणि जे हा ‘चार’मधल्या च च्या अगदी जवळचा. युरोपातून आलेले सहाध्यायी ज्यावर कित्येक आठवडे झगडतात, ते आपल्या जिभेवर आधीच असते.

सुरांचे मात्र तसे नाही. चार सूर आणि पाचवा हलका, हे शब्दाचा भाग आहेत. आपण प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो आणि शेवटच्या शब्दाचा सूर बिघडवतो. निघण्यापूर्वी दररोज मोठ्याने वाचा आणि स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. अक्षरे थोडी कमी आली तरी चालेल, सूर पक्के करून जा.

पोहोचल्यावर पातळी ठरवणारी चाचणी होते. तिच्यात पाठ केलेले ओतून वरच्या वर्गात बसू नका. जिथे शिक्षकांचे बोलणे बरेचसे कळते, तोच वर्ग तुमचा. पुढे पदवीला जायचे असेल तर एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेचा निकाल प्रवेशासाठी २ वर्षे ग्राह्य धरतात. परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका.

जेवण

शाकाहारी माणूस चीनमध्ये उपाशी राहत नाही, पण त्याला विचारावे लागते. भाजीत मांसाचे पाणी किंवा चरबी असू शकते. टोमॅटो-अंडे, बटाट्याचा परतलेला कीस, वांगे-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी, टोफू हे कँटीनमध्ये सगळीकडे मिळते. जैन विद्यार्थ्यांनी बौद्ध शाकाहारी खानावळी शोधाव्यात. तिथे कांदा-लसूणही नसतो, बटाटा मात्र असतो. वसतिगृहाच्या खोलीत विजेची शेगडी बहुधा चालू देत नाहीत, तेव्हा कुकर नेण्यापूर्वी विचारा. मसाले, लोणचे न्या. ताजी फळे, भाज्या, बियाणे, मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका. घरच्या मसाल्यात खसखस नको: चीनमध्ये तिच्या किरकोळ विक्रीला बंदी आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट

विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही. इंग्रजीच्या शिकवण्यांची आमिषे येतात. पकडले गेल्यास ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असल्यास ५ ते १५ दिवस कोठडी. पैशांची अडचण असेल तर आधी आम्हाला सांगा, मार्ग काढता येतो.

अडचणीच्या वेळी पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. बीजिंगमध्ये भारतीय दूतावास, शांघाय आणि ग्वांगचौमध्ये वाणिज्य दूतावास आहेत. त्यांचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

आणि ओळख करून देताना महाराष्ट्रातून आलो म्हणून सांगा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, चिनी शिकले, तिथेच १९४२ साली वारले. ‘खे तीहुआ’ हे त्यांचे चिनी नाव तिथल्या जुन्या पिढीला चांगले माहीत आहे. बीजिंगहून वेगवान रेल्वेने शीज्याच्वांगला जाऊन त्यांची समाधी पाहता येते. सुट्टीच्या दिवशी जाऊन या.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात फोन, पासपोर्ट, बँकेची कार्डे आणि वैद्यकीय कागद घेऊन आमच्या कार्यालयात या. एकेक कागद आणि एकेक ॲप आपण सोबत तपासू. आई-वडिलांनाही घेऊन या. रोमिंगवर कॉल कसा करायचा आणि कधी, ते त्यांच्याच फोनवर दाखवू.