सोरायसिसचं बायोलॉजिक इंजेक्शन आणि मेडिक्लेम: पहिल्या डोसच्या आधी काय तयार ठेवायचं

गोळ्या, मलमं, फोटोथेरपी (विशिष्ट प्रकाशाचे उपचार) सगळं करून झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, “आता बायोलॉजिक सुरू करू,” म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध. घरात पहिला प्रश्न पैशांचा येतो. माझ्या भावासाठी आम्ही घाईघाईने इंजेक्शन सुरू केलं आणि विम्याची पॉलिसी नंतर उघडली. पहिल्या दोन डोसचा क्लेम “ओपीडी (बाह्यरुग्ण) उपचार” एवढ्याच शेऱ्यासह परत आला. क्रम उलटा हवा होता. म्हणून हे लिहितो आहे.

खर्च वर्षाचा मोजा, एका इंजेक्शनचा नाही. सेक्युकिन्युमॅब या बायोलॉजिकचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची दोन इंजेक्शनं. पहिल्या दिवशी एक डोस, मग चार आठवडे दर आठवड्याला, त्यानंतर महिन्याला एक. पहिल्या वर्षी साधारण १६ डोस होतात, म्हणजे १५० ची ३२ इंजेक्शनं. अ‍ॅडालिम्युमॅब सुरुवातीला ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४०, मग दर पंधरा दिवसांनी ४०. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून देतात, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या. डॉक्टरांकडून वर्षभराचं वेळापत्रक लिहून घ्या आणि रुग्णालयाच्या फार्मसीतल्या दराने गुणा. अ‍ॅडालिम्युमॅबची भारतात बनवलेली आवृत्ती झायडसने २०१४ मध्ये आणली, नंतर इतरही कंपन्या आल्या, त्यामुळे ब्रँड बदलला की किंमत बरीच बदलते. औषध कंपनीची रुग्ण सहाय्य योजना असेल तर तीही विचारा. मात्र मोफत मिळालेल्या इंजेक्शनचं बिल नसतं, त्याचा क्लेम करता येत नाही.

आता पॉलिसी उघडा. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने आधुनिक उपचारांची बारा प्रकारांची यादी काढली. त्यात “इम्युनोथेरपी – मोनोक्लोनल अँटिबॉडी, इंजेक्शनद्वारे” हा प्रकार आहे. आपलं सगळं भांडण या ओळीवर उभं आहे. औषधाच्या नावाच्या शेवटी “मॅब” असेल तर ते मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे शरीरातल्या एका ठरावीक लक्ष्यावर काम करणारं प्रथिन. एटानरसेप्टही बायोलॉजिकच आहे, पण मॅब नाही, आणि तिथे विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. ही बाब डॉक्टरांशी आधीच बोला. या उपचारांवर कंपनी मर्यादाही घालू शकते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. पाच लाखांची पॉलिसी असेल तर वर्षाला अडीच लाख. मर्यादा पॉलिसी वर्षाची असते, म्हणून वर्ष संपायला आलं असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर सुरुवातीचे दाट डोस दोन वर्षांत विभागले जातील अशी तारीख निवडता येते.

त्याच पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये “एल ४०” हा कोड शोधा. तो सोरायसिसचा आंतरराष्ट्रीय रोग-संकेतांक. २०१९ च्या नियमांत जे जुने आजार कंपनीला ग्राहकाच्या संमतीने कायमचे वगळता येत होते, त्यांत एल ४० ते एल ४५ हा गटही होता. पॉलिसी घेताना अशा अटीवर सही झाली असेल तर खर्च मिळणार नाही, आणि हे आधी कळलेलं बरं. तसं नसेल तर प्रतीक्षा काळ पाहा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळ त्या आजाराचा खर्च मिळत नाही ते. आधीपासूनच्या आजारासाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी बदलायचीच असेल तर नवी न घेता जुनीच दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करा (हलवा), म्हणजे आधी भरलेली वर्षं धरली जातात. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत प्रतीक्षा काळाची अट बऱ्याचदा नसते. एचआरकडे लेखी विचारा.

सगळ्यात जास्त वेळ डॉक्टरांच्या पत्रावर घालवा. त्यात निदान आणि संकेतांक हवा. पीएएसआय स्कोअर (सोरायसिस किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा) हवा आणि शरीराचा किती टक्के भाग व्यापला आहे तेही हवं (बोटांसह आपला तळहात म्हणजे साधारण एक टक्का). पीएएसआय दहाच्या वर किंवा दहा टक्क्यांहून जास्त त्वचा, हा तीव्र आजाराचा सर्वमान्य निकष आहे. चेहरा, तळहात, तळपाय, गुप्तांग यांवर आजार असेल तर टक्के कमी असूनही तो गंभीर असतो. तसं स्पष्ट लिहून घ्या. आधी मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅप्रेमिलास्ट, फोटोथेरपी यांतलं काय, कोणत्या तारखेपासून, किती डोसने दिलं आणि का थांबवलं, हेही त्यात यावं. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. आमच्याकडे २०१७ ची मेथोट्रेक्सेटची एक चिठ्ठी होती, तिचा दुसऱ्या वेळी क्लेम करताना फार उपयोग झाला.

“ओपीडी” या शेऱ्याचं मूळ डे-केअरच्या (रुग्णालयात घेऊन त्याच दिवशी घरी जाता येणाऱ्या उपचाराच्या) व्याख्येत आहे: जो उपचार सहसा बाह्यरुग्ण विभागात घेतला जातो, तो डे-केअर नाही. घरी पेनने टोचलेला डोस ओपीडी कव्हर नसेल तर बहुधा नाकारला जातो. सलाइनमधून दिलेल्या औषधाचा क्लेम तुलनेने सोपा. इंजेक्शन रुग्णालयात, निरीक्षणाखाली देण्याची गरज असेल तर ती कारणांसह पत्रात यावी. गरज नसताना चोवीस तास दाखल केल्याचं कुणालाही लिहायला सांगू नका. ते उघड झालं तर क्लेमसोबत पॉलिसीही जाते, आणि हा आजार जन्मभराचा आहे.

बायोलॉजिकपूर्वी क्षयरोग (मँटू किंवा इग्रा, छातीचा एक्स-रे), हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, रक्त आणि यकृताच्या तपासण्या होतात. सुप्त क्षयरोग निघाला तर आधी त्याची औषधं सुरू होतात आणि पहिला डोस पुढे जातो. तपासण्यांचा खर्च “प्री-हॉस्पिटलायझेशन”मध्ये, म्हणजे दाखल होण्याआधीच्या खर्चात, मागता येतो. आरोग्य संजीवनीत त्याची मुदत ३० दिवस आहे.

कॅशलेससाठी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या खिडकीवर) प्री-ऑथचा, म्हणजे पूर्वमंजुरीचा फॉर्म, पॉलिसी, ओळखपत्र, डॉक्टरांचं पत्र आणि तपासण्यांचे अहवाल द्या. कंपनीने एका तासात निर्णय द्यावा असा २०२४ चा नियम आहे. आधी खर्च करून नंतर मागणार असाल तर डे-केअर समरी, तपशीलवार बिल, बॅच नंबर असलेलं फार्मसीचं बिल, पैसे भरल्याची पावती आणि रद्द केलेला चेक लागतो. इंजेक्शनचं खोकं आणि स्टिकर जपून ठेवा.

नकार आला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची मागणी चालते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला राहतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जावं लागतं, म्हणून ते पत्र आलेल्या दिवशीच त्यावर तारीख लिहून फाईलच्या वरच लावा.