लायब्ररी अपग्रेड झाली आणि दूरचा डेटाबेस जोडेना: ओपनएसएसएलमागची वीस वर्षे

लिनक्स मशीन नव्या आवृत्तीवर नेले, सगळ्या सेवा नीट उठल्या, आणि दुसऱ्या इमारतीतल्या विंडोज मशीनवरच्या एसक्यूएल सर्व्हरशी तेवढी जोडणी होईना. पिंग जातो. १४३३ पोर्टवर टेलनेट लागते. पासवर्ड तोच आहे आणि डेटाबेसच्या मशीनला कोणी हातही लावलेला नाही. तरी मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा, 'टीसीपी प्रोव्हायडर: एरर कोड ०एक्स२७४६' एवढेच सांगून थांबतो. हा सोळा-आधारी आकडा दशमानात मांडला की १००५४ येतो आणि विंडोजच्या भाषेत १००५४ म्हणजे जोडणी समोरून तुटली. हा अर्थ माहीत नसला की माणूस फायरवॉलच्या मागे लागतो. नेटवर्कवाले म्हणतात आमच्याकडून सगळे सुरळीत आहे, डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणतो लॉगिन माझ्यापर्यंत पोचतच नाही, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

२०१९ ते २०२२ या काळात ही तक्रार जगभर पुन्हा पुन्हा आली. कधी एररमध्ये 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' असे शब्द असत, कधी तेही नसत. बदललेली गोष्ट एकच होती: ओपनएसएसएल ही जोडण्या एन्क्रिप्ट करणारी, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती लायब्ररी आणि तिच्यासोबत आलेले डिफॉल्ट. पण ते डिफॉल्ट एका रात्रीत ठरलेले नव्हते.

एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या एसएसएलईवाय या लायब्ररीतून १९९८च्या अखेरीस ओपनएसएसएल प्रकल्प उभा राहिला. जानेवारी १९९९मध्ये टीएलएस (एसएसएलनंतरचा, जोडणी एन्क्रिप्ट करण्याचा प्रोटोकॉल) १.० चे प्रमाण प्रसिद्ध झाले, २००६मध्ये १.१ आणि ऑगस्ट २००८मध्ये १.२. कागदावर ही प्रगती ठीक दिसते. प्रत्यक्षात ओपनएसएसएलमध्ये १.१ आणि १.२ आले ते मार्च २०१२च्या १.०.१ आवृत्तीत. म्हणजे तेरा वर्षे या लायब्ररीवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामसाठी टीएलएस १.० हीच वरची पायरी होती. त्या काळात बसवलेले डेटाबेस सर्व्हर त्याच पायरीवर उभे राहिले, आणि डेटाबेसच्या बाबतीत 'चाललेय ना, मग हात लावू नका' हा नियम सगळीकडे पाळला जातो.

एसक्यूएल सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते या सगळ्या गोंधळाचे मूळ तिच्यातच आहे. एसक्यूएल सर्व्हर २००५पासून, प्रशासकाने सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख आणि किल्ली सांगणारी फाइल) दिले नसेल तर सर्व्हर सुरू होताना स्वतःच एक सर्टिफिकेट बनवतो आणि निदान लॉगिनचे पॅकेट तरी त्याच्या आधारे एन्क्रिप्ट करतो. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये एन्क्रिप्शन मागितले नसले तरीही! त्यामुळे 'आम्ही एसएसएल वापरतच नाही' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या माणसाच्या यंत्रणेतही प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला टीएलएस हँडशेक (एन्क्रिप्शन कसे करायचे हे ठरवणारी बोलणी) होतच होता. जे वापरतोय हेच माहीत नाही, ते जुने झालेय हे कुठून कळणार?

दरम्यान वेबच्या बाजूला वातावरण तापत गेले. २०११मध्ये टीएलएस १.०वरचा बीस्ट हल्ला उघड झाला. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष समोर आला. त्यात प्रोटोकॉलच्या आवृत्तीचा दोष नव्हता, पण ओपनएसएसएल किती मोजकी माणसे सांभाळत होती हे जगाला दिसले आणि प्रकल्पाकडे पैसा व मनुष्यबळ वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूडल हा हल्ला आला, मे २०१५मध्ये लॉगजॅम. ऑगस्ट २०१६च्या ओपनएसएसएल १.१.० मध्ये 'सिक्युरिटी लेव्हल' ही सोय आली. तिच्यामुळे एकाच आकड्याने किल्लीची किमान लांबी, सहीची पद्धत आणि सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) यांची मर्यादा ठरू लागली. लेव्हल २ म्हणजे ११२ बिटांची ताकद, अर्थात आरएसए किल्ली किमान २०४८ बिटांची. कार्ड पेमेंटच्या नियमांनी जुन्या टीएलएससाठी ३० जून २०१८ ही शेवटची तारीख दिली. ऑक्टोबर २०१८मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी ब्राउझरमधून १.० आणि १.१ काढण्याचे एकत्र जाहीर केले.

ही सगळी चर्चा ब्राउझर आणि वेबसाइटची होती, पण लायब्ररी सर्वांची एकच होती. ब्राउझरच्या भल्यासाठी घेतलेला निर्णय ज्या दाराने मशीनवर आला, त्याच दाराने तो डेटाबेसच्या ड्रायव्हरपर्यंतही पोचला.

लिनक्सचे वितरण असलेले डेबियन १० बाहेर पडले ६ जुलै २०१९ला. त्यातल्या ओपनएसएसएलच्या कॉन्फिग फाइलच्या शेवटी दोन ओळी होत्या: किमान प्रोटोकॉल टीएलएस १.२ आणि सिक्युरिटी लेव्हल २. तीनच दिवसांनी, ९ जुलैला, मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ यांचा विस्तारित सपोर्ट थांबवला. दोन्ही तारखांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण ज्यांच्याकडे ही दोन्ही टोके होती त्यांच्यासाठी त्या एकाच आठवड्यात पडल्या. डेबियनने हा बदल प्रकाशन-टिपांमध्ये स्पष्ट लिहिला होता. अडचण अशी की मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट मंचाच्या कंटेनर प्रतिमेखाली (प्रोग्राम चालवायच्या तयार गाठोड्याखाली) डेबियन आहे हेच अनेक प्रोग्रामरांच्या ध्यानात नव्हते. आपण डॉटनेटची आवृत्ती वाढवतोय असे त्यांना वाटत होते, आणि त्याखालची ऑपरेटिंग सिस्टीमही सोबत बदलत होती.

एप्रिल २०२०च्या उबुंटू २०.०४ने हीच मर्यादा लायब्ररी कंपाइल करतानाच आत बसवली. त्यामुळे कॉन्फिग फाइल उघडून पाहिली तरी तिथे काही दिसत नाही, आणि शोधणाऱ्याचा अर्धा दिवस तिथेच जातो. रेड हॅटने २०१९च्या आठव्या आवृत्तीत संपूर्ण मशीनचे एकच क्रिप्टो धोरण आणले आणि ते एका कमांडने बदलता येईल अशी व्यवस्था केली. तिघांमध्ये मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण नियम कुठे लिहिलाय हे निदान विचारता तरी येते.

दुसऱ्या टोकाला उपाय नव्हता असे नाही. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६मध्येच एसक्यूएल सर्व्हर २००८ ते २०१४साठी टीएलएस १.२ चे अपडेट दिले होते, आणि २०१६च्या आवृत्तीत ते मुळातच होते. पण विंडोज सर्व्हर २००८ आर२वर १.२ असूनही डिफॉल्टने बंद असते, ते रजिस्ट्रीत सुरू करावे लागते. डेटाबेसचा पॅच एका टीमकडे, विंडोजची रजिस्ट्री दुसऱ्या टीमकडे, आणि व्हेंडरचा करार संपलेला. दोन्ही कामे झाल्याशिवाय हँडशेक पुढे सरकत नाही.

निदान करायला आणखी एक अडथळा होता. नेहमीच्या सर्व्हरला ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने हाक मारून तो कोणती आवृत्ती बोलतो ते पाहता येते, ओपनएसएसएल १.१.१ पासून मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांनाही त्याच साधनाने विचारता येते. एसक्यूएल सर्व्हरला नाही. त्याचा टीडीएस प्रोटोकॉल सायबेस या जुन्या डेटाबेसच्या दिवसांपासूनचा आहे, आणि टीएलएसचा हँडशेक त्याच्या प्री-लॉगिन पॅकेटांच्या आत गुंडाळून जातो. मग टीसीपीडंप या साधनाने पॅकेट पकडून आत पाहावे लागते. सर्व्हर हॅलोमध्ये, म्हणजे हँडशेकमधल्या सर्व्हरच्या पहिल्या उत्तरात, आवृत्तीचे दोन बाइट असतात: ०३ ०१ असेल तर सर्व्हर टीएलएस १.० देऊ करतोय आणि नकार आपल्या लायब्ररीने दिलाय. ०३ ०३ असेल तर आवृत्ती जमलेली आहे आणि दोष सर्टिफिकेटच्या किल्लीत किंवा सहीत शोधायचा. सर्व्हर हॅलो आलाच नाही तर पलीकडच्याने फोन ठेवला असे समजायचे. एवढ्या दोन बाइटांनी नेटवर्कवाले आणि डीबीए यांच्यातला वाद मिटतो.

मायएसक्यूएलची कथा जवळपास तीच. त्याच्या कम्युनिटी आवृत्त्या ५.७.२७पर्यंत यासएसएल ही लायब्ररी वापरत आणि तिला टीएलएस १.१च्या वर जाता येत नसे. नव्या उबुंटूवरचा क्लायंट अशा सर्व्हरसमोर २०२६ क्रमांकाची एरर देऊन थांबतो. पोस्टग्रेसचा क्लायंट वेगळा वागतो, आणि ती गोष्ट मला जास्त काळजीची वाटते: डिफॉल्ट 'प्रिफर' मोडमध्ये एसएसएल जमले नाही, तर तो मुकाट्याने साध्या, उघड्या जोडणीवर जातो. सर्व्हरने परवानगी दिली की काम चालू राहते. कोणाची तक्रार येत नाही, म्हणून कोणी पाहतही नाही.

दुसरी लाट सप्टेंबर २०२१च्या ओपनएसएसएल ३.० ने आणली, आणि एप्रिल २०२२च्या उबुंटू २२.०४बरोबर ती सर्वदूर पोचली. या वेळी तीन वेगळे बिघाड एकाच दिवशी समोर येत. ओपनएसएसएल १.१ ची लायब्ररी फाइलच नसल्याने जुना ड्रायव्हर लोडच होत नसे. ड्रायव्हर लोड झालाच, तर टीएलएस १.० आणि १.१ साठी आता लेव्हल १ पुरत नव्हती, शून्यावर उतरावे लागे, कारण एसएचए-१ या जुन्या पद्धतीवरच्या सह्यांची ताकद आता कमी धरली जात होती. त्यातच फेब्रुवारी २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ आला. त्यात एन्क्रिप्शन डिफॉल्टने सक्तीचे झाले, सोबत सर्टिफिकेटची तपासणीही आली, आणि सर्व्हरने स्वतःच बनवलेले सर्टिफिकेट तिथे नापास होऊ लागले. या शेवटच्या बिघाडाचा ओपनएसएसएलच्या आवृत्तीशी काही संबंध नाही, तरी खापर तिच्यावरच फुटले.

इंटरनेटवर सर्वांत वेगाने पसरलेला उपाय म्हणजे डॉकरफाइलमध्ये (कंटेनर बनवण्याची कृती लिहिलेल्या फाइलमध्ये) मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडची एक ओळ टाकून किमान प्रोटोकॉल १.२चा १.० करणे. जोडणी लगेच सुरू होते, हे खरे. पण त्या कंटेनरमधून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी, पेमेंट गेटवेची असो की मेल सर्व्हरची, जुन्या पातळीवर यायला मोकळी होते. आणि ती ओळ कोणी परत काढत नाही. सर्व्हर आज बदलणे शक्यच नसेल, तर सैल नियमांची वेगळी कॉन्फिग फाइल करावी आणि ओपनएसएसएल-कॉन्फ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ती फक्त त्या एका प्रोसेसला द्यावी. खरे काम मात्र पलीकडच्या मशीनवरच करायचे असते: अपडेट, रजिस्ट्री, आणि २०४८ बिटांच्या किल्लीचे, एसएचए-२५६ सहीचे स्वतंत्र सर्टिफिकेट. मार्च २०२१मध्ये टीएलएस १.० आणि १.१ अधिकृतपणे मोडीत निघाले आहेत, तेव्हा वाट पाहून काही सुटणार नाही.

एसक्यूएल सर्व्हर २०२२बरोबर आलेल्या टीडीएस ८.० मध्ये टीएलएस आधी आणि टीडीएस नंतर असा क्रम लागतो, म्हणजे निदान सोपे होते. पोस्टग्रेस १७नेही थेट टीएलएसचा पर्याय दिला. एप्रिल २०२५च्या ओपनएसएसएल ३.५ ने क्वांटम संगणकांनंतरच्या काळासाठी नवी किल्ली-देवघेव डिफॉल्ट यादीत आणली, आणि डेबियन १३ मध्ये हीच मालिका आहे. त्या देवघेवीची नुसती एमएल-केईएम किल्लीच १,१८४ बाइटांची असते, त्यामुळे क्लायंट हॅलो, म्हणजे हँडशेकचा पहिला संदेश, अनेकदा एका पॅकेटात मावत नाही. काही जुनी उपकरणे आणि सर्व्हर असा दोन तुकड्यांत आलेला हॅलो वाचूच शकत नाहीत. डेबियन १३वर गेल्यानंतर दूरचा डेटाबेस उत्तरच देईनासा झाला, तर आवृत्तीच्या बाइटांआधी क्लायंट हॅलोचा आकार तपासायला हवा.