तारलीच्या अंगचं तेल

दिवाळीच्या सुमाराची तारली तव्यावर ठेवली, की वरून तेल फार घालावं लागत नाही. तिचं स्वतःचंच सुटतं. पावसाळ्यात अंड्यावर आलेली तारली मात्र कोरडी लागते. मासा तोच, मग हे तेल येतं कुठून?

कोकणात तारली किंवा पेडवे, गोव्यात तारले, केरळात मत्ती. शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. हेरिंगच्या कुळातला हा वीतभर मासा जन्मभर थव्यातच राहतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. एरवी ‘गरिबाचा मासा’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्षच होतं, आणि मला ते नेहमी खटकतं.

तेलाचं मूळ पावसाळी वाऱ्यात आहे. जून ते सप्टेंबर केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेच्या दिशेने वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याच्या रेट्यातलं वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला तळचं थंड पाणी वर येतं आणि सोबत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणतं. उन्हात हे खत मिळालं की डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाचं पीक फोफावतं. काचेसारखं कवच असलेले हे जीव जास्तीचं अन्न तेलाच्या रूपात साठवतात. ज्या ओमेगा-३ या आरोग्याला चांगल्या मानल्या जाणाऱ्या मेदासाठी तारलीची ख्याती आहे, ते मुळात शैवाल बनवतं. तारली ते फक्त गोळा करते.

गोळा करण्याची सोय तिच्या तोंडातच आहे. कल्ल्यांच्या पहिल्या कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर दीडशेहून जास्त बारीक काड्या असतात, फणीच्या दातांसारख्या दाट. पाणी त्यातून निघून जातं, डायटम अडकतात. बहुतेक मासे शैवाल खाणाऱ्या जिवांना खातात. तारली थेट शैवालावरच जगू शकते, म्हणून एवढ्याशा माशाची संख्या एवढी वाढते.

आणि म्हणूनच ती कोसळतेही. विणीचा हंगाम नेमका पावसाळ्यातला. पाण्यावर तरंगणारी अंडी साधारण एका दिवसात फुटतात. पिलाजवळची शिदोरी दोन-तीन दिवसांची. तेवढ्यात आजूबाजूला पीक उभं असेल तर पिढी तरते. वारा कमी पडला तर पीक येत नाही. पाणी फारच वर आलं तर तळचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याशी पसरतं आणि मासा लांब जातो. तारलीचं आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं, त्यामुळे एक हंगाम फसला की पुढच्याच वर्षी जाळ्यात दिसतं.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदी पाहताना धडकी भरते. २०१२ साली एकट्या केरळात ३.९ लाख टनांहून जास्त तारली मिळाली. २०२१ साली ३,२९७ टन. पुढच्याच वर्षी आकडा पुन्हा लाखावर! मधल्या घसरणीत २०१५-१६च्या एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बिघडण्याचा, वाटा होता, तसाच बेसुमार मासेमारीचाही. ही चिंता आजची नाही. लहान तारली वाचावी म्हणून मद्रास सरकारने १९४३ मध्येच काही जाळ्यांवर बंधनं घातली होती. त्या काळी तारलीचं तेल गाळलं जायचं आणि उरलेला चोथा माडांना खत म्हणून जायचा.

तारली पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण १५ सेंटिमीटरची झाल्यावर, वर्षभराची होता होता. केरळात १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरायला बंदी आहे. माझ्या मते ही मर्यादा अपुरी आहे. त्या मापाची तारली एकदाही व्यालेली नसते.

पण पिलं भरपूर झाली म्हणजे सगळं साधलं असंही नाही. २०२४च्या चांगल्या पावसानंतर केरळच्या किनाऱ्याशी छोट्या तारलीचे अफाट थवे आले, भाव कोसळले. पण मासा वाढेना, अंग धरेना. संस्थेने शोध घेतला तेव्हा कारण निघालं गर्दीचं: तोंडं फार झाली आणि प्रत्येकीच्या वाट्याला डायटम कमी आले.